डिहायड्रेटर घेतलाय, पण "झालं" हे ओळखायचं कसं?

सानिका_क

नमस्कार मंडळी,

घरात नवाकोरा डिहायड्रेटर, म्हणजे फळं-भाज्या वाळवायचं यंत्र, आलाय. पंखा मागच्या भिंतीला, ट्रे पुढून सरकवायचे, तापमान ३५ ते ७५ अंशांपर्यंत लावता येतं. यंत्राबद्दल तक्रार नाही, सोबतच्या पुस्तिकेने मात्र डोकं फिरवलंय. सफरचंद ६ ते १४ तास, टोमॅटो ८ ते १६ तास! अहो, ६ तासांनी बंद करू की रात्रभर चालू ठेवू? वाळलेल्या फळाला हात लावून बघा असंही लिहिलंय, पण गरम असताना सगळंच मऊ लागतं आणि गार झालं की सगळंच कडक.

दुसरं, भाज्या आधी उकळत्या पाण्यातून काढायच्या का? कोणी म्हणतं हो, कोणी म्हणतं सत्त्व निघून जातं.

तिसरा प्रश्न माझ्या भावाचा. तो मोठ्या ट्रेकना जातो आणि त्याला मांसाच्या पट्ट्या वाळवून हव्या आहेत. मला ते जरा धास्तीचं वाटतंय. त्याचं म्हणणं, ७० अंशांवर ठेवलं की जंतू मरणारच, तू उगाच घाबरतेस. जाणकारांनी सांगावं.

पुदिना, बेसिल वगैरेही करायचंय. ते जमेल असं वाटतं, तरी काही युक्ती असेल तर सांगा.

---

खटपट्या

फार विचार करू नका हो. मी सगळं सरसकट ७० वर लावतो. पटकन होतं, वीज वाचते. वरून कडक लागलं की काढायचं आणि बरणीत भरायचं.

---

जुनी_बरणी

खटपट्या, राग मानू नका, पण हा सल्ला मोडीत काढावाच लागेल. आधी सानिकाशी बोलते, मग तुमच्याकडे वळते.

सानिका, पुस्तिकेतले तास विसर. माझी सगळी नोकरी मसाल्याच्या एका कारखान्यात, प्रयोगशाळेत ओलावा मोजण्यात गेली. माल किती तास वाळवला हे तिथे कोणी विचारत नसे. पाणी किती उरलं, एवढंच विचारत. घरीसुद्धा हाच प्रश्न विचारायचा आणि त्याचं उत्तर द्यायला ओट्यावरचा वजनकाटा पुरतो.

सफरचंदाचंच घेऊ. सोलून, मधला भाग काढून चकत्या केल्यास की त्यात साधारण ८५ टक्के पाणी असतं. म्हणजे १ किलो चकत्यांत ८५० ग्रॅम पाणी आणि १५० ग्रॅम बाकीचा ऐवज. पाणी उडून जातं, ऐवज कुठे जात नाही. वाळवलेल्या फळात २० टक्क्यांच्या आसपास पाणी ठेवतात, म्हणजे शेवटच्या वजनात या १५० ग्रॅमचा वाटा ८० टक्के हवा. १५० भागिले ०.८, उत्तर १८७. काटा १९० च्या घरात आला की काम होत आलं. तोच २६० दाखवत असेल तर चकती वरून कितीही वाळकी दिसू दे, आत अजून ४० टक्क्यांवर पाणी आहे. ट्रे रिकामा असताना त्याचं वजन लिहून ठेव, मग मधूनमधून भरलेला ट्रे उचलून काट्यावर ठेवायचा, बस.

प्रत्येक फळाचा आकडा वेगळा निघतो. केळ्यात पाणी ७५ टक्केच, त्यामुळे सोललेल्या १ किलोचे ३१० ग्रॅम हाती लागतात. टोमॅटो मात्र ९४-९५ टक्के पाणीच. किलोचे जेमतेम ६० ग्रॅम होतात आणि पहिल्यांदा करणारा प्रत्येक जण विचारतो, "एवढंच?" हो, एवढंच.

६० ग्रॅम यासाठी की टोमॅटो भाजीच्या हिशेबाने वाळवायचा. फळाला मिळते ती २० टक्क्यांची सवलत भाजीला नाही. फळातली साखर उरलेलं पाणी धरून ठेवते आणि आंबटपणा जंतूंना मानवत नाही. गाजर, मटार, फरसबी, फ्लॉवर यांच्यात दोन्हींची वानवा. म्हणून भाज्या १० टक्क्यांच्या खाली न्यायच्या. गाजराची चकती कटकन मोडली पाहिजे, मटार हातोडीने फुटावा इतका टणक झाला पाहिजे. फळ मोडायला नको, चामट राहू दे. गार झालेला तुकडा मधोमध काप, चिमटीत दाब. कापलेल्या कडेला ओल दिसली नाही आणि दुमडल्यावर चिकटून बसला नाही की झालं. गार झालेला, हे महत्त्वाचं. तू म्हणतेस ते अगदी बरोबर, गरम तुकडा फसवतो. यंत्रातून एक-दोन तुकडे काढून पाच-दहा मिनिटं बाहेर ठेव आणि मग बोट लाव.

काटा एक गोष्ट लपवतो, तेही सांगते. तो सगळ्या ट्रेची सरासरी सांगतो. वजन बरोबर आलं तरी चार जाड चकत्या ओल्या आणि बाकीच्या गरजेपेक्षा कोरड्या, असं होऊ शकतं. म्हणून पहिल्यांदा सुरी नीट धरायची. साधारण ६ मिलिमीटर जाडी आणि सगळ्या चकत्या एकसारख्या. जाडी दुप्पट झाली की वेळ दुपटीहूनही जास्त लागतो, कारण पाण्याला आतून बाहेर यायचं अंतर वाढतं. तरीही जो फरक राहील तो बरणीत मिटवायचा. फळं गार करून काचेच्या बरणीत दोन तृतीयांश भर, झाकण लाव आणि ७ ते १० दिवस रोज एकदा हलव. ओले तुकडे आपलं पाणी कोरड्यांना देतात आणि सगळे एका पातळीला येतात. या दिवसांत काचेला आतून घाम सुटलेला दिसला तर सगळा माल परत ट्रेवर. बुरशी दिसली तर मात्र निवडत बसू नकोस, अख्खी बरणी टाकून दे.

आता खटपट्या, तुमचे ७० अंश. सुरुवातीलाच एवढी उष्णता दिली की वरचा थर आधी आवळतो. त्याचा कडक पापुद्रा होतो आणि आतलं पाणी अडकतं. हात लावला तर खणखणीत, म्हणून तुम्ही खुशीत बरणीत भरता. आतलं पाणी सावकाश बाहेर झिरपतं, माल सादळतो, मग बुरशी येते. फळांना ५७ अंश, भाज्यांना ५२, पानांना ३५. वीज वाचवायचीच असेल तर चकत्या पातळ करा आणि ट्रेवर एकमेकींना टेकू देऊ नका, त्याने जास्त वाचते.

उकळत्या पाण्याचं. गाजर, मटार, फरसबी, फ्लॉवर, बटाटा यांना ते हवंच. चिरल्यावरही भाजीतली विकरं (एन्झाइम) कामावर असतात आणि वाळवण्याच्या तापमानाला ती मरत नाहीत. साठवणीत रंग उतरतो, वास गवतासारखा येतो, तो त्यांचा प्रताप. दोन-चार मिनिटं उकळत्या पाण्यात किंवा वाफेवर धरलं की ती निकामी होतात, शिवाय भाजीच्या पेशी सैल पडल्याने पुढे पाणीही लवकर निघतं. क जीवनसत्त्व थोडं जातं हे खरं, पण गाजराचं कॅरोटीन टिकतं. वाफेवर केलंस तर पाण्यात विरघळून जाणारं कमी जातं. मग गार पाण्यात एक बुडी, निथळायचं आणि थेट ट्रेवर. कांदा, लसूण, मशरूम, ढोबळी मिरची आणि टोमॅटो यांना याची गरज नाही. कांदा-लसणाची पाळी वेगळी लाव, नाहीतर त्याच दिवशीच्या सफरचंदांना कांद्याचा वास मुरेल आणि तो कशानेही जात नाही.

फळं काळवंडू नयेत म्हणून लिंबाचा रस आणि पाणी निम्मं-निम्मं करून त्यात १० मिनिटं ठेवता येतं. आंबटपणा नको असेल तर २ कप पाण्यात १ चमचा अ‍ॅस्कॉर्बिक आम्लाची पूड, ३ ते ५ मिनिटं. द्राक्षासारखी अखंड सालीची फळं तशीच ठेवलीस तर ती दिवसच्या दिवस फुगलेलीच राहतील, सालीवर मेणाचा थर असतो. अर्धा ते एक मिनिट उकळत्या पाण्यात आणि लगेच बर्फाच्या पाण्यात टाक, साल तडकते.

मांसाचं वेगळं लिहिते, ते इतक्यात उरकण्यासारखं नाही.

---

सानिका_क

बरणीकाकू, काय लिहिलंय! वजनाची युक्ती इतकी सोपी असेल असं वाटलं नव्हतं. काटा शेजारी घेऊन बसते आता. मांसाची वाट बघतेय, भाऊ मागे उभा राहून वाचतोय.

---

खटपट्या

काकू, पापुद्र्याचं पटलं. ५७ वर करून बघतो. पण मांस मी वाळवलंय, कच्चंच, मसाला लावून, ६५ ला. काही झालं नाही कोणाला.

---

जुनी_बरणी

काही झालं नाही हा पुरावा नव्हे, खटपट्या. त्या मांसावर त्या दिवशी वाईट जंतू नव्हते, एवढंच त्यातून कळतं.

सानिकाचा भाऊ वाचतोय म्हणून त्याच्याशीच बोलते. बाळा, ७० अंश हा आकडा यंत्राच्या हवेचा आहे, मांसाचा नाही. ओल्या वस्तूतून पाणी उडत असतं तोवर ती गार राहते, घामाने आपलं अंग गार राहतं तशी. हवा ७० ला असली तरी सुरुवातीचे कित्येक तास पट्टी त्याहून बरीच खाली असते, आणि त्या कोमट ओलाव्यात जंतूंना बरं वाटतं. पुढे पाणी संपत आलं की पट्टी तापते, पण तोवर जंतूही वाळलेले असतात आणि वाळलेला जंतू उष्णतेला ओल्या जंतूपेक्षा खूपच कमी दाद देतो. म्हणजे उष्णता पोहोचते ती नेमकी उशिरा.

वाळवण्याने जंतूंची वाढ थांबते. प्रयोगशाळेत आम्ही वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी मोजायचो, म्हणजे पदार्थात जंतूंना वापरता येईल असं पाणी किती ते. शुद्ध पाण्याची १ धरतात. ती ०.८५ च्या खाली गेली की रोग करणारे जीवाणू वाढत नाहीत, ०.६ च्या खाली बुरशीही वाढत नाही. वाढत नाहीत म्हणजे मेले, असं मात्र नाही. साल्मोनेला कोरड्या पदार्थात महिनोन्‌महिने तग धरतो. १९९५ साली अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये घरी वाळवलेल्या हरणाच्या मांसातून ई. कोलाय ओ१५७:एच७ ची लागण झाली होती. ते मांसही वाळवलेलंच होतं.

तेव्हा क्रम उलटा करायचा. आधी जंतू मारायचे, मग वाळवायचं. अमेरिकेच्या कृषी खात्याची शिफारस अशी की वाळवण्याआधी मांस आतून ७१ अंशांपर्यंत आणि कोंबडी ७४ अंशांपर्यंत तापवावी, आणि मग यंत्र ५४ ते ६० वर ठेवावं. पट्ट्या मसाल्याच्या पाण्यातच मंद उकळून घेतल्या की हे होतं. टोचायचा थर्मामीटर हवाच, नजरेने ७१ ओळखता येत नाही. आधी तापवलेल्या पट्टीचा पोत जरा भुसभुशीत होतो, दुकानातल्यासारखी चिवट लागत नाही, हे आधीच सांगून ठेवते. चिवटपणा फारच प्रिय असेल तर दुसरा मार्ग: कच्च्या पट्ट्या ६० अंशांवर वाळवून झाल्या की लगेच १३५ अंशांच्या ओव्हनमध्ये १० मिनिटं. पट्टी ६ मिलिमीटरहून जाड नको. मला विचारशील तर पहिला मार्गच बरा.

मांस निवडताना चरबी जितकी काढता येईल तितकी काढ. ती वाळत नाही, खवट होते, आणि साठवणीत माल बहुतेक वेळा तिच्यामुळेच जातो. मांस अर्धवट गोठवलं की सुरी सरळ चालते. धाग्यांच्या दिशेने कापलंस तर पट्टी चिवट, आडवं कापलंस तर सहज तुटणारी. मसाल्यात मुरवायचं ते फ्रिजमध्येच, ओट्यावर नाही. झालेली पट्टी गार करून वाकव: तडे गेले पाहिजेत, पण दोन तुकडे व्हायला नकोत. बाहेर ठेवायची असेल तर दोन आठवड्यांत संपव, त्याहून जास्त दिवसांसाठी फ्रीजर.

---

पायवाट

बरणीकाकूंना अनुमोदन. सानिकाच्या भावाला ट्रेकवाल्याकडून थोडं जोडतो.

पट्ट्या चघळायला ठीक, पण रात्री तंबूत गरम जेवायचं असेल तर खिमा वाळव. कमीत कमी चरबीचा खिमा पूर्ण शिजवायचा, चाळणीत घालून वरून गरम पाणी ओतायचं म्हणजे सुटलेली चरबी जाते, टिपून कोरडा करायचा आणि पातळ पसरून वाळवायचा. खडीसारखे टणक दाणे होतात आणि उकळत्या पाण्यात पुन्हा मऊ पडतात. चौकोनी तुकडे मात्र कितीही भिजवले तरी मधे रबरच राहतात. कोंबडी असेल तर प्रेशर कुकरमध्ये शिजवून, रेषा-रेषा सुट्या करून वाळवावी, साध्या उकडलेल्यापेक्षा खूप लवकर भिजते.

भात, डाळ, भाज्या मी वेगवेगळ्या वाळवून डब्यात एकत्र करतो. अख्खं जेवण एकदम वाळवलं की भात होतो आणि मटार राहतो. भिजवताना मीठ शेवटी घाल, आधी घातलं तर दाणे पाणी लवकर ओढत नाहीत. आणि भिजवलं की ते ताजं अन्न झालं असं समज. सकाळी भिजवून दिवसभर पाठीवर वागवायचं नाही, तेव्हाच शिजवून संपवायचं. बाकी काकू आहेतच.

---

सानिका_क

सगळ्यांचे आभार! सफरचंदाची पहिली खेप आज झाली. बरणीत भरलीय, रोज हलवणार. माझ्या काट्यावर शेवटचं वजन काकूंच्या आकड्याच्या थोडं खालीच आलं, पण चकत्या छान चामट आहेत, मोडत नाहीत.

अजून दोन शंका. इथे सध्या बाहेर पाऊस आहे, हवा इतकी दमट असताना यंत्र चालवण्यात अर्थ आहे का? आणि बरणीत टाकायच्या पुड्या दोन प्रकारच्या मिळतात, ओलावा शोषणाऱ्या आणि ऑक्सिजन शोषणाऱ्या. कुठली घेऊ? पुदिन्याचं तर राहूनच गेलं.

---

जुनी_बरणी

वजन थोडं खाली आलं तर चिंता नको. फळाफळात पाणी कमी-जास्त असतं, ८५ हा सरासरी आकडा. जवळ आल्यावर हाताचं ऐकायचं, तू तेच केलंस.

पावसात यंत्र बिनदिक्कत चालव. हवा तापली की तिची पाणी धरायची ताकद झपाट्याने वाढते. २५ अंशांची, ८० टक्के आर्द्रतेची हवा ५७ पर्यंत तापवलीस की तिचीच सापेक्ष आर्द्रता १५ टक्क्यांच्या आसपास उतरते. म्हणजे आत कोरडं ऊनच. यंत्र बंद खोलीत मात्र नको, नाहीतर बाहेर टाकलेली वाफ ते पुन्हा आत ओढतं. खरी अडचण पानांची होते, कारण ३५ अंशांवर तीच हवा ४५ टक्क्यांवर राहते. अशा दिवशी पुदिना ४० ते ४५ वर लाव. सुगंधी तेल थोडं जास्त उडेल, पण पानं दोन दिवस मरगळलेली पडून राहण्यापेक्षा ते बरं.

पुदिना, बेसिल, ओरेगॅनो फुलावर येण्याआधी तोड, फुलं आली की पानांतला स्वाद उतरतो. पान चुरडून भुगा झाला आणि देठ कटकन मोडला की झालं. पाठीमागे पंखा असलेल्या यंत्रात वाळकी पानं उडून कोपऱ्यात जमतात, म्हणून वर दुसरी जाळी उपडी ठेव. भरताना पानं अख्खीच ठेव, चुरायची ती वापरायच्या क्षणी. वाळकं पान ताज्याच्या तिप्पट तेज, म्हणून पोहेचमचाभर ताज्याच्या जागी १ लहान चमचा घाल. कोथिंबिरीच्या फंदात पडू नकोस. तिचा स्वाद उडून जातो आणि हाती हिरवा कागद राहतो. तिला फ्रीजर बरा.

पुड्यांमध्ये ओलावा शोषणारी घे, ती सगळ्याला चालते. ऑक्सिजनवाली फक्त कटकन मोडणाऱ्या, १० टक्क्यांच्या आतल्या मालाला. चामट फळं, मांसाच्या पट्ट्या किंवा अर्धवट वाळलेला टोमॅटो यांच्यासोबत ती टाकायची नाही. ओलावा आहे आणि ऑक्सिजन काढून घेतला, ही बॉट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जंतूची आवडती सोय आहे. अर्धवट वाळलेले टोमॅटो तेलात बुडवून बाहेर ठेवतात, त्याचंही तेच. करायचेच तर फ्रिजमध्ये ठेव आणि लवकर संपव.

कीड लागायची भीती वाटत असेल तर भरलेल्या पिशव्या ४८ तास उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये ठेवून मग कपाटात लाव, अंडी मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडायची नाही, नाहीतर गार मालावर हवेतलं पाणी बसेल.

आणि मोठ्या बरणीपेक्षा लहान-लहान बरण्या घे. दर वेळी झाकण उघडलं की थोडी दमट हवा आत जाते, कांद्याची आणि टोमॅटोची पूड तर बघता बघता ढेकूळ होते. उजेड आणि उष्णता टाळ. १५ अंशांच्या आसपास फळं वर्षभर टिकतात, २७ ला सहा महिने. भाज्यांचा काळ त्याच्या निम्मा धर.

---

खटपट्या

काकू, केळ्यांना लिंबू लावायचं की नाही तेवढं सांगा. ट्रे भरून बसलोय.

---

जुनी_बरणी

लावलं नाही तर तपकिरी होतील, चवीला चालतील. ५७ वर आहे ना?